एएफआयएच झाल्यानंतर कारखान्याच्या डॉक्टरने पुढे नेमके काय शिकावे?

फाउंड्री-डॉक्टर, कोल्हापूर (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, १३ वर्षांपासून पूर्णवेळ वैद्यकीय अधिकारी आहे. त्याआधी गावात दवाखाना होता. कारखान्यात रुजू होण्यासाठी शीव येथील सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये ३ महिन्यांचा एएफआयएच (असोशिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ) हा औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यानंतर या विषयाचे म्हणून मी वेगळे असे काहीही शिकलो नाही, हे येथे स्पष्ट लिहितो, कारण माझा प्रश्न तेथूनच सुरू होतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट गुण लागतात आणि ते मी प्रत्येक वेळी मुदतीच्या आत जमा केले आहेत. परंतु गेल्या आठवड्यात ती सारी प्रमाणपत्रे काढून पाहिली, तर त्यांत मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि प्रतिजैविके यांखेरीज जवळपास काही नाही. ज्या धुळीत, गोंगाटात आणि उष्णतेत माझे ६०० कामगार रोज ८ तास उभे असतात, त्यांच्याविषयीचे प्रमाणपत्र एकही नाही.

प्रमाणपत्रे काढून पाहावीशी वाटली त्याचे कारण असे. आमच्या फेटलिंग विभागात, म्हणजे ओतलेल्या भागांवर चिकटलेली वाळू आणि जादा धातू ग्राइंडरने काढतात तेथे, १९ वर्षे काम केलेला ४७ वर्षांचा एक कामगार दम लागतो म्हणून माझ्याकडे आला. २ वर्षांपूर्वी बाहेरच्या एका रुग्णालयात त्याला क्षयरोगाचे ६ महिन्यांचे पूर्ण उपचार देण्यात आले होते. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते, उपचार छातीच्या एक्स-रेवरून सुरू झाले होते. मी त्याची फाइल उघडली, २०१३, २०१६, २०१९ आणि २०२२ या वर्षांच्या ४ फिल्म काढल्या आणि व्ह्यू बॉक्सवर प्रथमच एकीशेजारी एक लावल्या. फुप्फुसांच्या वरच्या भागात, दोन्ही बाजूंना, मोहरीहून लहान गोल ठिपके होते; २०१३ च्या फिल्ममध्ये ते शोधावे लागत होते, २०२२ च्या फिल्ममध्ये शोधावे लागत नव्हते. प्रत्येक फिल्मबरोबर आलेल्या अहवालात 'विशेष दोष नाही' किंवा 'जुन्या क्षयरोगाचे व्रण' असे लिहिलेले होते आणि प्रत्येक अहवालाखाली 'कामास योग्य' अशा शेऱ्यानिशी माझी सही होती. तो कामगार शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, दर खेपंला फोटो तर काढत हुतासा न्हवं?" मला त्याला उत्तर देता आले नाही.

आता मला पुढे शिकायचे आहे, परंतु कशापासून सुरुवात करावी ते ठरत नाही. धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांचे एक्स-रे वाचायला शिकावे, असे पहिल्यांदा वाटते. वर्षातून एकदा बाहेरची संस्था येऊन हवेतील धुळीचे मोजमाप करते, तो अहवाल सुरक्षा अधिकारी माझ्याकडे पाठवतात आणि मी तो फाइलला लावतो. त्यातले आकडे मला वाचता येत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. काही स्नेही म्हणतात की या वयातही एखादी पदविका किंवा पदव्युत्तर पदवी करावी. व्यवस्थापन वर्षाला फार तर ४–५ दिवसांची रजा शिक्षणासाठी देईल. एवढ्या वेळात सर्वांत उपयोगाचे काय, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त मुख्य वैद्यकीय अधिकारी, ठाणे

डॉक्टर, आपण प्रमाणपत्रे तपासलीत ते ठीकच आहे, परंतु आपल्या जागी मी प्रमाणपत्रांऐवजी कारखान्याचा नकाशा घेऊन बसलो असतो. आपल्याकडे सॅण्ड प्लांट असेल, कोअर शॉप (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवतात तो विभाग) असेल, भट्टी, ओतकाम, नॉकआउट (साचा फोडून ओतलेला भाग बाहेर काढणे), फेटलिंग, दुरुस्तीचे वेल्डिंग आणि रंगकाम असेल. एका मोठ्या कागदावर हे विभाग एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येकासमोर एवढेच मांडावे की येथे माणसाच्या शरीरात काय जाते, ते कोणत्या अवयवाला धरते, त्यासाठी आपण सध्या कोणती तपासणी करतो आणि त्या तपासणीचा निकाल मला स्वतःला लावता येतो की नाही. जेथे हात थांबेल, जेथे 'माहीत नाही' असे लिहावे लागेल, ती आपली शिक्षणाची गरज. परिषदांच्या पत्रिकांवरून ती कधीच कळणार नाही, कारण त्या पत्रिका आपल्या कारखान्यासाठी छापलेल्या नसतात. हा कागद भरायला मला माझ्या कारखान्यात ३ आठवडे लागले होते आणि त्यातले बहुतेक दिवस शॉप फ्लोअरवर गेले, ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या आरोग्य केंद्रात, नव्हे.

हे सांगण्यामागे एक अनुभव आहे. निवृत्तीनंतर एका फाउंड्रीत सल्लागार म्हणून जात असे. तेथील कोअर शॉपमधली ३–४ मुले दुसऱ्या पाळीवरून घरी जाताना मोटारसायकलच्या दिव्यांभोवती निळसर वलये दिसतात, सगळे धुक्यात असल्यासारखे वाटते, अशी तक्रार करीत होती. त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले जाई, तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होई आणि डोळे अगदी स्वच्छ निघत. मुले सबबी सांगतात, असा शेरा एका पर्यवेक्षकाने लिहूनही ठेवला होता. कोल्ड बॉक्स पद्धतीने कोअर घट्ट करताना ट्रायएथिलअमाइनसारख्या अमाइनची वाफ वापरतात. त्या वाफेने डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला तात्पुरती सूज येते, दृष्टी धूसर होते, दिव्यांभोवती वलये दिसतात आणि काही तासांत सारे पूर्ववत होते. सकाळी तपासले तर काहीच सापडणार नाही, हे त्या विकाराच्या स्वरूपातच आहे. मला हे माहीत होते ते केवळ वाळू बांधून ठेवणाऱ्या त्या बाइंडरचे सुरक्षा माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचले होते म्हणून. वायुवीजनाचा एक पंखा बंद होता, तो सुरू झाल्यावर तक्रारी थांबल्या. त्याच बाइंडरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्यामुळे दमा जडू शकतो, तेव्हा आपल्या कागदावर कोअर शॉपसमोर हेही लिहावे. रात्री झोपेत येणारा खोकला आणि सुट्टीत बरा वाटणारा दम, हे दोन प्रश्न तेथील प्रत्येकाला विचारावेत.

आपण शिकलात तेव्हाचे ज्ञान आज तसेच राहिलेले नाही, हीही गोष्ट ध्यानात घ्यावी. वेल्डिंगचा धूर १९८९ पासून 'कर्करोग होण्याची शक्यता' एवढ्याच वर्गात होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये तो पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करतो असे निश्चित झालेल्या गटात आणला. स्फटिकी सिलिका, म्हणजे वाळूतील मुख्य द्रव्य, त्या गटात १९९७ पासून आहे, डिझेलचा धूर २०१२ पासून. आपल्या प्रशिक्षणाच्या टिपणवह्यांत वेल्डिंगसमोर जे लिहिलेले असेल ते आता खोडावे लागेल.

एक्स-रेविषयी आपला निर्णय योग्य आहे आणि सुरुवात तेथूनच करावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची वर्गीकरण पद्धत शिकताना प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी, ती अशी की हे रोगनिदान नसून वर्णनाची शिस्त आहे. संघटनेच्या प्रमाण फिल्म शेजारी लावून आपल्या फिल्ममधील ठिपक्यांची दाटी ०/- पासून ३/+ पर्यंतच्या १२ पायऱ्यांच्या मापावर ठरवायची, गोल ठिपके असतील तर आकारानुसार पी, क्यू, आर आणि वेडेवाकडे असतील तर एस, टी, यू असे लिहायचे. प्रमाण फिल्म समोर न ठेवता केलेले वाचन हे वाचनच नव्हे, असे माझे ठाम मत आहे. नुसत्या स्मरणशक्तीवर १/० आणि १/१ यांतला फरक कोणालाही सांगता येत नाही. आपल्या शहरातील क्ष-किरणतज्ज्ञाला दोष देऊ नये. त्याच्यासमोर दिवसभर क्षयरोगाच्या फिल्म येतात आणि आपण पाठवलेल्या चिठ्ठीवर 'फेटलिंग, १९ वर्षे' असे शब्द नसतात. उद्यापासून प्रत्येक चिठ्ठीवर काम आणि वर्षे लिहावीत, याला कोणतेही प्रशिक्षण लागत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसविकार, दिसला म्हणून क्षयरोग नाही, असे समजू नये. सिलिकाने फुप्फुसाची प्रतिकारशक्ती खालावते आणि अशा माणसाला क्षयरोग होण्याचा धोका इतरांहून बराच अधिक असतो, म्हणून थुंकीची तपासणी दर वेळी झालीच पाहिजे.

पदविका करावी की नाही, याविषयी माझे मत सांगतो. आपल्याला अध्यापनात जायचे नसेल तर सध्या करू नये. ते ४–५ दिवस आधी एक्स-रे वाचनाला द्यावेत; सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या दोन्हीकडे चौकशी करावी. आशियात एअर-न्यूमो नावाचा वाचकांचा प्रशिक्षणक्रमही आहे, त्यात शेवटी परीक्षा असते. अमेरिकेत असे एक्स-रे वाचण्यासाठी बी रीडर म्हणून मान्यता मिळालेल्या डॉक्टरलाही ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसावे लागते, कारण सराव तुटला की डोळा सैल पडतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही. ती आपण स्वतःवर घालून घ्यावी.

इंडस्ट्रियल हायजिनिस्ट, पुणे

मी डॉक्टर नाही, धूळ आणि वायू मोजण्याचे काम करते, म्हणून केवळ त्या फाइलला लावलेल्या अहवालाविषयी लिहिते. सरांनी सांगितलेल्या कागदावर 'शरीरात काय जाते' हा रकाना आहे, त्याचे उत्तर त्याच अहवालात असते. वाचण्याची रीत एका दुपारी शिकता येते.

प्रथम पाहावे की हवेचा नमुना ओढणारा पंप कोठे लावला होता. तो तिवईवर ठेवून विभागाच्या मध्यभागी चालवला असेल, तर तो आकडा त्या जागेचा आहे, माणसाचा नाही. फेटलिंग करणारा कामगार भागावर वाकलेला असतो आणि ग्राइंडरची धूळ त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर उठते. पंप कमरेला आणि नमुना घेणारे तोंड कॉलरजवळ, नाकापासून वीतभर अंतरात लावून पाळीचा बहुतेक वेळ तो चालवला असेल, तरच तो माणसाचा श्वास मानावा. पाऊण तासाच्या नमुन्यावरून ८ तासांचा निष्कर्ष काढलेला दिसला, तर ते ४५ मिनिटे तो कामगार नेमके काय करीत होता, हे विचारावे. दुसरी गोष्ट, धूळ एकूण मोजली की श्वसनीय, म्हणजे फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचणारी बारीक. त्यासाठी नमुना घेताना सायक्लोन नावाचा छोटा भाग लावावा लागतो आणि हवा ठरावीक वेगानेच ओढावी लागते. १० मिलिमीटरच्या नायलॉन सायक्लोनसाठी मिनिटाला १.७ लिटर. अहवालात सायक्लोनचा उल्लेखच नसेल, तर सिलिकोसिसच्या दृष्टीने त्या आकड्याचा उपयोग फारसा नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच बहुतेक अहवालांत गाळलेली असते. आपल्या कायद्यात स्फटिकी सिलिकेची मर्यादा एका ठरीव आकड्यात दिलेली नाही. ती सूत्राने काढावी लागते. श्वसनीय धुळीतील क्वार्ट्झच्या (स्फटिकी सिलिकेच्या नेहमीच्या रूपाच्या) टक्केवारीत २ मिळवायचे आणि १० ला त्या बेरजेने भागायचे, म्हणजे घनमीटरमागे किती मिलिग्रॅम श्वसनीय धूळ चालेल ते निघते. धुळीत क्वार्ट्झ ८ टक्के असेल तर मर्यादा १ मिलिग्रॅम, १८ टक्के असेल तर ०.५ मिलिग्रॅम. आता अहवालात श्वसनीय धूळ ०.७ मिलिग्रॅम आली असेल तर ती मर्यादेत आहे की नाही? क्वार्ट्झची टक्केवारी प्रयोगशाळेत काढलेली नसेल, तर या प्रश्नाला उत्तरच नाही; तरीही अशा कित्येक अहवालांवर 'मर्यादेत' असा शिक्का मी स्वतः पाहिला आहे. शिवाय १८ टक्के क्वार्ट्झ असलेली ०.५ मिलिग्रॅम धूळ म्हणजे ०.०९ मिलिग्रॅम शुद्ध क्वार्ट्झ झाले. अमेरिकेने २०१६ मध्ये आपली मर्यादा ०.०५ मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडे कायदेशीर ठरणारी ती धूळ तेथील मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे, हे कारखान्याच्या डॉक्टरला ठाऊक असलेच पाहिजे.

पुढच्या वेळी मोजमाप करणारी संस्था येईल तेव्हा तो दिवस आपण तिच्यासोबत घालवावा आणि पंप कोणाला लावायचा ते आपण सांगावे. कोणाच्या छातीत ठिपके आहेत, हे फक्त आपल्यालाच माहीत असते.

अर्धवेळ वैद्यकीय अधिकारी, लोटे

वर दोघांनी लिहिले ते मला पटते, परंतु एक बाजू राहिली आहे. फाउंड्री-डॉक्टर पूर्णवेळ आहेत आणि त्यांना वर्षाला ४–५ दिवस तरी मिळतात. लोटे-परशुरामसारख्या रासायनिक वसाहतीत माझ्यासारखे डॉक्टर आठवड्यातून काही तास प्रत्येक कारखान्यात जातात, उरलेला वेळ स्वतःचा दवाखाना असतो, आणि मुंबईला ४ दिवस जायचे म्हणजे तेवढे दिवस दवाखाना बंद. नकाशा घेऊन ३ आठवडे शॉप फ्लोअरवर फिरणे आम्हाला कसे जमावे? तरीही गरज आमची अधिक आहे, कारण एकाच आठवड्यात मी कीटकनाशके, रंगद्रव्ये आणि औषधांची मध्यवर्ती रसायने अशा वेगवेगळ्या कारखान्यांतील माणसांच्या कागदांवर सह्या करतो.

माझी चूक रक्त-लघवीच्या तपासण्यांत झाली. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके बनवणाऱ्या विभागातील कामगारांचे कोलिनेस्टरेज, म्हणजे या द्रव्यांच्या संपर्काने घटणारे रक्तातील एन्झाइम, आम्ही दर ठरावीक मुदतीने तपासत होतो आणि अहवाल प्रयोगशाळेच्या नेहमीच्या मर्यादेत आला की सही करीत होतो. या एन्झाइमची पातळी माणसागणिक इतकी वेगळी असते की ज्याची मूळ पातळीच वरच्या टोकाला आहे, त्याची ४० टक्क्यांनी घसरली तरी अहवालावर ती 'नॉर्मल' दिसते. म्हणून कामावर घेण्याआधी, संपर्क येण्यापूर्वी, प्रत्येकाची स्वतःची पातळी काढून ठेवावी लागते आणि पुढचा प्रत्येक आकडा तिच्याशी ताडावा लागतो. मूळ पातळीच्या ७० टक्क्यांच्या खाली गेली की माणूस त्या कामावरून बाजूला. हे मला नोकरीच्या सहाव्या वर्षी कळले. तोवर कोणाचीही मूळ पातळी आमच्याकडे नव्हती आणि ती आता परत मिळवता येत नाही.

टोल्युइन या द्रावकाच्या संपर्कासाठी लघवीतील हिप्प्युरिक आम्ल तपासण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी चालू आहे. सोडियम बेन्झोएट घातलेले शीतपेय किंवा सॉस पोटात गेले तरी ते आम्ल वाढते, तेव्हा कमी संपर्कात या तपासणीवर विसंबता येत नाही. त्याऐवजी ऑर्थो-क्रेसॉल पाहतात. नमुना पाळीच्या शेवटी घ्यायचा की आठवड्याच्या शेवटी, हेही प्रत्येक द्रव्यागणिक निराळे असते. अशा गोष्टी व्याख्यानातून डोक्यात राहत नाहीत. आम्ही परिसरातील ६ डॉक्टर महिन्यातून एका रविवारी सकाळी दीड तास ऑनलाइन बसतो, प्रत्येक जण नाव झाकून एक प्रकरण मांडतो आणि पुढच्या वेळेपर्यंत त्यावर वाचून यायचे ठरते. क्रेडिट गुण मिळत नाहीत, परंतु गेल्या २ वर्षांत मी जे शिकलो ते येथेच शिकलो. इंडियन असोसिएशन ऑफ ऑक्युपेशनल हेल्थच्या शाखांनी अशा लहान गटांना गुण मिळवून देण्यासाठी प्रयत्न करावेत, असे मनापासून वाटते.

ओएचसी परिचारिका, चाकण

सर्व डॉक्टरांना नमस्कार. थोडे आमच्या बाजूनेही लिहिते, कारण श्रवण आणि श्वसन या दोन्ही तपासण्या प्रत्यक्ष आम्ही करतो. डॉक्टरांचे शिक्षण झाले आणि तपासणी करणाऱ्याचे झाले नाही, तर डॉक्टर चुकीचा आलेख अचूक वाचतील, एवढेच होईल.

आमच्याकडे प्रेस शॉपमधल्या कामगारांना पाळी चालू असतानाच ऑडिओमेट्रीला बोलावत असत. गोंगाटातून आलेल्या कानाला काही तास तात्पुरते कमी ऐकू येते. मूळ नोंद घेण्याआधी निदान १४ ते १६ तास तो गोंगाटापासून दूर असावा, म्हणजे तपासणी पाळी सुरू होण्यापूर्वी व्हावी. बाहेरच्या शिबिरात ५००, १००० आणि २००० हर्ट्झची सरासरी काढून 'नॉर्मल' लिहून देतात, पण गोंगाटाने होणारे नुकसान पहिल्यांदा ४००० हर्ट्झच्या आसपास खाच पडून दिसते आणि त्या सरासरीत ते येतच नाही. स्पायरोमेट्रीच्या यंत्राला दररोज ३ लिटरच्या सिरिंजने तपासायचे असते, फरक ३ टक्क्यांच्या आत हवा. माणसाने ३ वेळा नीट फुंकलेले असावे आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकांत १५० मिलिलिटरपेक्षा अधिक अंतर नसावे. शिबिरात माणसामागे दोन मिनिटे मिळतात, त्यात हे होत नाही. डॉक्टरसाहेबांनी एकदा आमच्याजवळ बसून १० जणांची तपासणी पूर्ण पाहावी, एवढीच विनंती आहे.

फाउंड्री-डॉक्टर, कोल्हापूर

सर्वांचा ऋणी आहे. कागद भरायला घेतला आहे. कोअर शॉपपाशी पहिल्याच दिवशी थांबलो, कारण बाइंडरमध्ये काय आहे हे मला भांडार विभागाला विचारावे लागले. धुळीचा गेल्या वर्षीचा अहवालही काढला. पंप तिवईवर होता आणि क्वार्ट्झची टक्केवारी काढलेली नाही.

एका बाबतीत मात्र अडचण आली आहे. संशयित सिलिकोसिसची सूचना देणे माझे कर्तव्य आहे, असे मी व्यवस्थापनाला सांगितले, तेव्हा मनुष्यबळ विभागाने फेटलिंगमधील सर्व कामगारांची नावे आणि त्यांचे एक्स-रे निष्कर्ष अशी यादी मागितली. आधी आपण अंतर्गत पाहू, मग कळवू, असे त्यांचे म्हणणे आहे. याविषयी एएफआयएचमध्ये एक तास झाला होता, एवढेच आठवते.

निवृत्त मुख्य वैद्यकीय अधिकारी, ठाणे

सूचनेचे कर्तव्य डॉक्टरचे स्वतःचे आहे, ते व्यवस्थापनाच्या संमतीवर अवलंबून नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ते कलम ८९ मध्ये होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ते कलम १२ मध्ये आहे. सूचना देण्याजोग्या २९ रोगांची यादी दोन्हीकडे तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि तीत सिलिकोसिस आहे. व्यवस्थापकाला वेगळी सूचना द्यावी लागते, तीही त्यांना लेखी कळवावी. आपण औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे पाठवलेल्या पत्राची पोच जपून ठेवावी.

यादी देऊ नये. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य आयोगाच्या आचारसंहितेनुसार मालकाला कामाबाबतची योग्यता आणि आवश्यक त्या मर्यादा कळवायच्या असतात, निदान नव्हे. त्यांना विभागवार आकडा द्यावा, म्हणजे फेटलिंगमधील इतक्यांपैकी इतक्यांच्या फिल्ममध्ये बदल आहेत, आणि त्यासोबत धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेची मागणी जोडावी. आकड्यावर पैसा मंजूर होतो, नावांवर माणसे कमी केली जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या कामगाराला राज्य कामगार विमा लागू असेल तर वैद्यकीय मंडळापुढे आपण लिहिलेला कामाचा इतिहासच पुरावा ठरणार आहे. कोणत्या वर्षापासून कोणत्या विभागात, कोणत्या हत्याराने, तोंडावर काय बांधून, असे सविस्तर लिहावे. असा इतिहास लिहायला शिकणे हीसुद्धा शिक्षणाची गरजच आहे आणि ती कोणत्याही पत्रिकेत छापलेली नसते.

लोट्याच्या डॉक्टरांना एवढेच सांगतो की रविवारचा गट उत्तम आहे, परंतु एक्स-रे वाचन पडद्यावर एकमेकांना दाखवून शिकता येणार नाही. ज्या पडद्यावर ते पाहायचे तो वैद्यकीय दर्जाचा हवा आणि शेजारी प्रमाण फिल्म हव्यात. त्यासाठी एकदा तरी प्रत्यक्ष बसलेच पाहिजे.

फाउंड्री-डॉक्टर, कोल्हापूर

पत्र पाठवले, पोच मिळाली. यादीऐवजी विभागवार आकडा दिला. त्या कामगाराला पगार न घटवता पॅटर्न स्टोअरमध्ये काम मिळाले आहे. त्याची थुंकी पुन्हा तपासायला दिली आहे. त्याला चारही फिल्म व्ह्यू बॉक्सवर दाखवल्या आणि काय झाले ते जसेच्या तसे सांगितले. एक्स-रे वाचनासाठी ४ दिवसांची रजा मंजूर झाली आहे. फेटलिंग आणि नॉकआउटमधल्या ३१ जणांच्या जुन्या-नव्या फिल्म सोबत नेऊन, शिकल्यानंतर त्या पुन्हा वाचाव्यात, असा विचार आहे. नावे झाकून नेणार आहे. आणखी काही तयारी करावी का?

निवृत्त मुख्य वैद्यकीय अधिकारी, ठाणे

नावांबरोबर तारखाही झाकाव्यात. क्रम ठाऊक असला की डोळा वाढत जाणारे ठिपके शोधू लागतो. त्यांत कार्यालयात बसणाऱ्या ८–१० जणांच्या निरोगी फिल्म मिसळाव्यात आणि कोणती कोणाची हे परिचारिकेकडे लिहून ठेवावे. प्रत्येक फिल्म स्वतंत्र वाचून दाटीचा आकडा कागदावर लिहावा, महिन्याभराने तोच गठ्ठा पिसून पुन्हा वाचावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून मगच तारखा उघडाव्यात. दोन वाचनांत जेथे फरक पडेल त्या फिल्म घेऊन एखाद्या शनिवारी ठाण्याला या. प्रमाण फिल्मचा संच माझ्याकडे आहे.